बायबलचे शब्दप्रामाण्य

बायबलमधील वचने त्यांच्या सरळ वाच्यार्थानेच घ्यावीत आणि त्याच अर्थाने ती श्रद्धेला व आचरणाला बंधनकारक मानावीत, अशी ख्रिस्ती धर्मातील एक भूमिका. ही भूमिका घेणारे पंथ अनेक झाले. पण संपूर्ण बायबलच्या बाबतीत ती अखेरपर्यंत पाळणारा पंथ इतिहासात आढळत नाही. काही वचने अक्षरशः घ्यायची, काही रूपकात्मक मानायची आणि काही त्या काळापुरती होती म्हणून बाजूला ठेवायची, अशी निवड प्रत्येकाने केली आहे. निवड करावी लागणे हा दोष नव्हे. मात्र निवड करीत असतानाच ‘आम्ही निवड करीत नाही, ईश्वरी शब्द जसाच्या तसा पाळतो’ असा दावा जेथे झाला, तेथे त्या दाव्याच्या आधारे माणसे जाळली गेली, बुडविली गेली आणि विकलीही गेली. म्हणून कोणते वचन केव्हा व कोणाच्या सोयीने अक्षरशः घेतले गेले, हा धर्मशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

बायबल हा एकसंध ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके आहेत, रोमन कॅथलिक परंपरेत ७३. हिब्रू, ॲरेमाइक व ग्रीक भाषांत कित्येक शतकांच्या अवधीत ती लिहिली गेली. त्यांत कायदे आहेत, वंशावळी आहेत, प्रेमगीते, दृष्टांतकथा, खाजगी पत्रे आणि भविष्यदर्शनेही आहेत. पूर्वमीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा भेद करून, कोणते वेदवाक्य कर्तव्य सांगते व कोणते केवळ स्तुतिपर आहे हे ठरविण्याचे नियम बांधले. ख्रिस्ती परंपरेतही असे नियम सांगितले गेले; पण ते सर्व पंथांना मान्य झाले नाहीत.

निवडीचा प्रश्न ख्रिस्ती मंडळीच्या जन्माबरोबरच उभा राहिला. ख्रिस्ती झालेल्या यहुदीतरांनी सुंता व मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय, यावर इ. स. सु. ४९ मध्ये जेरूसलेम येथे प्रेषितांची सभा भरली. सुंतेचे बंधन नको, असे तिने ठरविले. परंतु मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस व व्यभिचार ही मात्र वर्ज्य करावीत, असे सांगितले. हा आदेश नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्पष्ट शब्दांत आहे व तो मागे घेतल्याचे कोठेही म्हटलेले नाही. पूर्वेकडील चर्चने रक्ताचा निषेध कायम ठेवला व ६९२ च्या धर्मपरिषदेत तो पुन्हा बजावला. पश्चिमेकडे तो आपोआप गळून पडला; सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) काळातच असे मांस टाळणाऱ्यांची इतर ख्रिस्ती लोक थट्टा करीत. हा बदल कोणत्याही वादाविना झाला, कारण त्यात कोणाचे हितसंबंध गुंतलेले नव्हते. 

प्रारंभीचे व मध्ययुगीन अर्थनिर्णयन : अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन (सु. १८५–२५४) हा रूपकात्मक अर्थाचा मोठा पुरस्कर्ता. सूर्य निर्माण होण्यापूर्वीच पहिला, दुसरा व तिसरा दिवस उजाडल्याचे वर्णन समंजस मनुष्य शब्दशः घेणार नाही, असे तो म्हणे. शास्त्रवचनांना देह, जीव व आत्मा यांसारखे तीन स्तर असतात, असे त्याचे मत होते. याच ऑरिजेनने तारुण्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातील, स्वर्गाच्या राज्यासाठी षंढ झालेल्यांविषयीचे वचन अक्षरशः घेऊन स्वतःला खच्ची करून घेतले, असे चर्चचा इतिहासकार यूसीबिअस याने नोंदविले आहे. काही अभ्यासकांना ही हकीकत शंकास्पद वाटते. ती खरी असो वा नसो, पुढील चर्चने ते वचन अक्षरशः घेतले नाही. उलट निसियाच्या परिषदेने (३२५) स्वतःला खच्ची करणाऱ्यास धर्मगुरुपद नाकारले.

ऑगस्टीनने याबाबत एक व्यवहार्य कसोटी दिली. जे वचन वाच्यार्थाने घेतले असता ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाशी किंवा सदाचाराशी जुळत नाही, ते आलंकारिक समजावे. या कसोटीत एक अडचण आहे. सदाचार कशास म्हणावे हे बायबलवरून ठरवायचे आणि बायबलचा अर्थ सदाचारावरून ठरवायचा, असे चक्र तीत निर्माण होते; पुढील सर्व वाद याच चक्रात फिरत राहिले. टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने इतर सर्व अर्थ वाच्यार्थावरच आधारलेले असतात व वादात प्रमाण म्हणून वाच्यार्थच पुढे करता येतो, असे प्रतिपादन केले. पण लेखकाला अभिप्रेत असलेले रूपकही त्याच्या मते वाच्यार्थातच मोडे. म्हणून त्याचा वाच्यार्थ म्हणजे आजच्या शब्दप्रामाण्यवाद्यांचा शब्दार्थ नव्हे.

मध्ययुगात शब्दशः आचरणाचा आग्रह बहुधा दरिद्री संन्याशांकडून आला आणि सत्तेने त्यास आवर घातला. असीसीच्या सेंट फ्रान्सिसने (सु. ११८२–१२२६) सर्वस्व विकून गोरगरिबांस देण्याचा ख्रिस्ताचा आदेश जसाच्या तसा पाळला व आपल्या अनुयायांनी तो कोणतीही टीप न जोडता पाळावा, अशी इच्छा व्यक्त केली. त्याच्या मृत्यूनंतर संघाकडे मठ व ग्रंथालये आली. मालकी पोपची, संघाचा फक्त उपयोग, अशी कायदेशीर तोड त्यावर काढण्यात आली. ती न मानणाऱ्या कडव्या फ्रान्सिस्कनांपैकी चौघांना १३१८ मध्ये मार्से येथे जाळण्यात आले. ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे हट्टाने म्हणणे हे पाखंड होय, असे पोप जॉन बाविसावा याने १३२३ मध्ये जाहीर केले.

व्याजाची कथा याच्या उलट आहे. येथे चर्च शब्दाला दीर्घकाळ चिकटून राहिले व अर्थव्यवहाराने त्याला हळूहळू सोडायला लावले. निर्गम, लेवीय व अनुवाद या पुस्तकांत स्वकीयांकडून व्याज घेण्यास मनाई आहे. लूकच्या शुभवर्तमानात परतफेडीची आशा न धरता उसने देण्यास सांगितले आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्यांस प्रभुभोजन व ख्रिस्ती दफन नाकारले. जॉन कॅल्व्हिनने (१५०९–६४) १५४५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात, मोशेचे हे नियम त्या राष्ट्राच्या परिस्थितीपुरते होते व न्याय्य व्याज सर्वथा निषिद्ध नाही, असा अर्थ केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दहा टक्क्यांपर्यंत व्याजास कायद्याने मुभा मिळाली. १५५२ मध्ये ती रद्द झाली व १५७१ मध्ये पुन्हा आली. आज बायबलचा शब्द न् शब्द प्रमाण मानणारी मंडळीही बँकेत ठेव ठेवताना ही वचने आठवत नाहीत.

धर्मसुधारणेचा काळ : धर्मसुधारणा आंदोलनाने परंपरेचा अधिकार नाकारून शास्त्र हेच एकमेव प्रमाण मानले. आता शब्दाचा अर्थ सांगणारी शेवटची सत्ता उरली नाही आणि सुधारकांतच तट पडले. हेसचा फिलिप या सरदाराने समेटासाठी ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्ख येथे मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) व उलरिख झ्विंग्ली (१४८४–१५३१) यांची भेट घडवून आणली. अखेरच्या भोजनात भाकरीला स्वतःचे शरीर म्हणणारे ख्रिस्ताचे वचन, हा वादाचा विषय होता. ल्यूथरने ते वचन खडूने मेजावर लिहून ठेवले व ‘आहे’ या क्रियापदापासून तो तसूभरही हलला नाही. झ्विंग्लीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’. चौदा मुद्द्यांवर एकमत झाले, या पंधराव्यावर पूर्ण एकमत झाले नाही आणि प्रॉटेस्टंट पंथ दुभंगला. याच ल्यूथरला मूर्तींविषयीची आज्ञा अक्षरशः घेण्याची गरज वाटत नव्हती. झ्विंग्लीने मात्र तीच शब्दशः घेऊन झुरिकच्या चर्चमधील प्रतिमा १५२४ मध्ये काढून टाकविल्या.

ॲनाबॅप्टिस्ट लोक या दोघांच्याही पुढे गेले. शपथ वाहू नका, दुष्टाला अडवू नका, या डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा त्यांनी तंतोतंत पाळायच्या ठरविल्या. श्लाइटहाइमच्या जाहीरनाम्यात (१५२७) त्यांनी तलवार, शपथ व शासकीय पद ही वर्ज्य केली. सश्रद्ध प्रौढासच बाप्तिस्मा द्यावा, हाही त्यांचा आग्रह होता. त्यापायी फेलिक्स मान्झ याला जानेवारी १५२७ मध्ये झुरिकच्या नदीत बुडवून मारण्यात आले. त्याला शिक्षा देणारे शास्त्रप्रामाण्यवादीच होते. मारबुर्खचा यजमान फिलिप याने पुढे १५४० मध्ये, पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह केला. जुन्या करारातील कुलपुरुषांना अनेक स्त्रिया होत्या, हा त्याचा आधार होता आणि ल्यूथरने गुप्ततेच्या अटीवर त्यास संमती दिली. पाचच वर्षांपूर्वी म्यून्स्टर शहरातील ॲनाबॅप्टिस्टांनी हाच आधार घेऊन बहुपत्नीकत्व चालू केले होते, तेव्हा त्यांचे शहर जिंकून पुढाऱ्यांचे हालहाल करण्यात आले होते. सरदार व बंडखोर यांच्यासाठी वचनाचा अर्थ वेगवेगळा झाला, हे यात लपत नाही.

गॅलिलीओच्या प्रकरणात यहोशवाने सूर्याला थांबण्याची आज्ञा केल्याचा उल्लेख वाच्यार्थाने घेतला गेला व १६१६ मध्ये सूर्यकेंद्री सिद्धांत निषिद्ध ठरला. या प्रकरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नमूद करावयास हवे, की ज्योतिषशास्त्रीय पुरावा साचत गेला तसा हा वाच्यार्थ जवळजवळ सर्वच ख्रिस्ती पंथांनी सोडला व त्याने कोणाची श्रद्धा ढळली नाही.

अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद : या विषयातील सर्वांत बोधप्रद आणि सर्वांत क्लेशकारक उदाहरण एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे होय. १८६० च्या जनगणनेनुसार तेथे सु. ३९·५ लाख गुलाम होते. देश बहुतांशी प्रॉटेस्टंट; घरोघरी बायबल वाचले जाई व सामान्य वाचकास त्याचा अर्थ कळतो, ही समजूत लोकशाहीच्या वृत्तीशी जुळणारी होती. बायबल गुलामगिरीस मान्यता देते काय, हा प्रश्न त्यामुळे विद्वानांपुरता राहिला नाही.

समर्थकांची बाजू शब्दांच्या पातळीवर भक्कम होती, हे मान्य करावे लागते. अब्राहामाकडे दास होते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परराष्ट्रीयांकडून दासदासी विकत घेण्यास व त्यांना मुलांसाठी वतन म्हणून ठेवण्यास अनुज्ञा आहे. ख्रिस्ताने गुलामगिरीचा नाव घेऊन निषेध केलेला नाही. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, असा उपदेश आहे. फिलेमोन या धन्याकडे पौलाने त्याचा दास अनेसिम याला परत पाठविले. डेन्मार्क व्हेसीच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी रचलेला कट १८२२ मध्ये उघडकीस आल्यावर बॅप्टिस्ट पुढारी रिचर्ड फर्मन याने साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरास उद्देशून हीच मांडणी केली. व्हर्जिनियाचा थॉर्नटन स्ट्रिंगफेलो व साउथ कॅरोलायनाचा जेम्स हेन्ली थॉर्नवेल यांनी ती पुढे नेली. जे पाप नाही असे ईश्वराने शब्दांत सांगितले, त्याला पाप म्हणणारा शास्त्राहून स्वतःला शहाणा समजतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. 

विरोधकांपुढे त्यामुळे खडतर काम होते. थिओडोर ड्वाइट वेल्डने १८३७ मध्ये व ॲल्बर्ट बार्न्सने १८४६ मध्ये ग्रंथ लिहून हिब्रू व ग्रीक शब्दांची छाननी केली आणि बायबलमधील दास्य अमेरिकन गुलामगिरीहून भिन्न होते, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. ब्राउन विद्यापीठाचा अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड व दक्षिणेतील पाद्री रिचर्ड फुलर यांचा या विषयावरील पत्रव्यवहार १८४५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. दोघेही बॅप्टिस्ट होते व त्यांनी परस्परांविषयीचा आदर सोडला नाही. वेलंडचे म्हणणे असे, की मोशेने घटस्फोटाची मुभा लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरतेमुळे दिली असे ख्रिस्तानेच सांगितले आहे. तेव्हा जुन्या करारातील प्रत्येक अनुज्ञा ही नैतिक मान्यता नव्हे. ईश्वर मानवजातीला पायरीपायरीने शिकवितो आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या तत्त्वात गुलामगिरीचा नाश बीजरूपाने आहे. फुलरचे उत्तर थोडक्यात होते : ईश्वराने ज्याची स्पष्ट परवानगी दिली, ते स्वभावतःच पाप असू शकत नाही. वेलंडचा मुद्दा अधिक खोल होता, पण अध्याय व ओवी दाखवून वाद जिंकणाऱ्या समाजात फुलरचा मुद्दा अधिक सोपा ठरला. विल्यम लॉइड गॅरिसनने (१८०५–७९) तर बायबल गुलामगिरीस पाठिंबा देत असेल, तर तेवढे बायबल नाकारावे, अशी भूमिका घेतली. तिचा परिणाम विपरीत झाला. गुलामगिरीला विरोध म्हणजे शास्त्राला विरोध, असे समर्थकांना म्हणता येऊ लागले.

परंतु समर्थकांचे शब्दप्रामाण्य त्यांच्याच कसोटीवर टिकणारे नव्हते. पळून आलेल्या दासाला धन्याच्या स्वाधीन करू नये, असा आदेश अनुवाद पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. १८५० चा फरारी गुलामांविषयीचा कायदा नेमका याच्या उलट होता. अँडोव्हरचा विद्वान मोझेस स्टुअर्ट याने त्याच वर्षी, तो आदेश परराष्ट्रांतून पळून आलेल्या दासांपुरता आहे, असा खुलासा केला. म्हणजे लेवीय पुस्तकातील वचन सर्वकाळ लागू आणि अनुवादातील वचन प्राचीन इझ्राएलपुरते. मनुष्याला पळवून विकणाऱ्यास देहान्त शासन द्यावे, हे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची मालकी अशा चोरीतूनच आली होती. त्याच अध्यायात दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला, तर त्याबद्दल त्याला मुक्त करावे, असा नियम आहे. तो दक्षिणेतील एकाही राज्याने आपल्या कायद्यात घेतला नाही. हिब्रू दासाला सातव्या वर्षी सोडावे, हा नियम स्वधर्मीयांसाठी होता. त्या न्यायाने बाप्तिस्मा घेतलेल्या दासाला स्वातंत्र्य मिळायला हवे होते. ती शंकाच उरू नये म्हणून व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ मध्येच, बाप्तिस्म्याने दासाच्या स्थितीत फरक पडत नाही, असा कायदा करून ठेवला होता.

वर्णाचा मुद्दा याहून उघड आहे. बायबलमधील दास्य कोणत्याही एका वर्णाचे नव्हते. रोमन साम्राज्यातील पुष्कळ दास गौरवर्णीयच होते. केंटकीतील गुलामगिरीविरोधी पाद्री जॉन ग्रेग फी (१८१६–१९०१) याने हीच विसंगती पुढे मांडली : बायबलच्या शब्दाने गुलामगिरी सिद्ध होत असेल, तर त्याने गोऱ्यांचीही गुलामगिरी सिद्ध होते. हा निष्कर्ष स्वीकारणारे फारच थोडे होते. कृष्णवर्णीयांचेच दास्य का, याचे उत्तर म्हणून नोहाच्या शापाची कथा सांगितली जाई. उत्पत्ती पुस्तकाच्या नवव्या अध्यायात हा शाप हामाला नसून त्याचा मुलगा कनान याला आहे आणि त्वचेच्या रंगाचा त्यात उल्लेखही नाही. शब्दाला शब्द भिडविणाऱ्यांनी येथे मूळात नसलेला शब्द वाचला. दोन्ही बाजू गुलामगिरीवर तुटून पडत असता, वर्णभेदाला शास्त्राधार नाही या मुद्द्याकडे उत्तरेतील बहुसंख्य पंडितांनीही पुरेसे लक्ष दिले नाही, असे अमेरिकन इतिहासकार मार्क नोल याने दाखवून दिले आहे.

या वादाने चर्चसंस्था फुटल्या. बिशप जेम्स अँड्र्यू याच्याकडे गुलाम असल्याच्या कारणावरून मेथडिस्ट पंथ १८४४-४५ मध्ये विभागला गेला. बॅप्टिस्टांची दक्षिणेकडील शाखा १८४५ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे वेगळी झाली. यादवी युद्ध संपता संपता, मार्च १८६५ मधील भाषणात, दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात व एकाच देवाला परस्परांविरुद्ध साकडे घालतात, ही विसंगती अध्यक्ष लिंकन याने बोलून दाखविली. जो प्रश्न पंडितांना ग्रंथातून सोडविता आला नाही, तो सु. सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या मृत्यूनंतर रणांगणावर सुटला.

स्वतः गुलामांचे वाचन मात्र या पंडिती चौकटीबाहेरचे होते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी लंडनमध्ये १८०७ साली बायबलची एक निवडक आवृत्ती छापण्यात आली. प्रॉटेस्टंट बायबलातील १,१८९ अध्यायांपैकी तीत केवळ २३२ होते. मोशेने आपल्या लोकांना ईजिप्तच्या दास्यातून सोडविले, ती कथा त्यात नव्हती. ख्रिस्तात दास व स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील वचनही नव्हते. दासांनी आज्ञेत राहण्याचा उपदेश मात्र होता. इतरत्र जी निवड अर्थ लावताना होई, ती येथे कात्रीने झाली. तरीही मौखिक परंपरेतून निर्गमाची कथा मळ्यांवर पोहोचली व कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांचा ती कणा बनली. आपला धनी टॉमस ऑल्ड हा एका पंगू दासीला चाबकाने मारताना लूकच्या शुभवर्तमानातील वचन म्हणून दाखवी, असे फ्रेडरिक डग्लस (सु. १८१८–९५) याने १८४५ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याने ख्रिस्ताचा धर्म व या देशातील धर्म यांत भेद केला. धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन (१८९९–१९८१) याची आजी गुलामगिरीत जन्मलेली व निरक्षर होती. नातवाकडून ती नेहमी बायबल वाचून घेई. पण पहिल्या करिंथकर पत्रातील प्रेमाविषयीचा तेरावा अध्याय सोडला, तर पौलाची पत्रे तिने कधी वाचू दिली नाहीत. धन्याचा पाद्री दासांना उपदेश करताना नेहमी पौलाचीच वचने घेई, म्हणून मुक्त झाल्यास ती पुन्हा ऐकायची नाहीत असे तिने ठरविले होते. आपण निवड करतो आहोत, हे तिने लपविले नाही.

महाराष्ट्राशी या वादाचा संबंध आला तो मिशनमुळे. मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगरला १८३१ मध्ये कार्य सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन ज्या बोस्टनच्या मंडळाचे होते, त्याच मंडळाची मिशने अमेरिकेतील चेरोकी व चॉक्टॉ या आदिवासींत होती, आणि तेथील मंडळ्यांत गुलामांचे मालक सभासद होते. त्यांना वगळावे, हा आग्रह मंडळाने १८४५ च्या ब्रुकलिन येथील वार्षिक सभेत मान्य केला नाही. त्यावर नाराज झालेल्यांनी १८४६ मध्ये वेगळी संस्था काढली. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले, हे सर्वश्रुत आहे. मराठी बायबलमध्ये पौल स्वतःला ख्रिस्ताचा ‘दास’ म्हणवितो. तोच ग्रीक शब्द इंग्रजीच्या १६११ च्या अधिकृत भाषांतरात नोकर या अर्थाच्या शब्दाने आला होता व गुलामगिरीविरोधकांच्या युक्तिवादाचा बराच भाग त्या एका शब्दावर उभा होता. भाषांतरातील शब्दावर विसंबू नये म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी साध्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आधुनिक मूलतत्त्ववाद : ऐतिहासिक टीका व उत्क्रांतिवाद यांना उत्तर म्हणून शब्दप्रामाण्याला तत्त्वज्ञानाचे रूप मिळाले. प्रिन्स्टनच्या हॉज व वॉरफील्ड यांनी १८८१ मध्ये बायबलच्या निर्दोषत्वाचा सिद्धांत मांडला. १९१०–१५ मध्ये निघालेल्या बारा पुस्तिकांवरून ‘मूलतत्त्ववाद’ हे नाव रूढ झाले. या पुस्तिकांच्या लेखकांपैकी जेम्स ऑर यांसारखे काही जण पृथ्वी प्राचीन असल्याचे मान्य करीत. टेनेसीतील डेटन येथे जुलै १९२५ मध्ये स्कोप्स खटल्यात उत्क्रांतिवादाविरुद्ध उभा राहिलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन यानेही, सृष्टीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस असे नव्हे, ही कबुली उलटतपासणीत दिली. सहा दिवस व काही हजार वर्षांची पृथ्वी या आग्रहाचा मोठा प्रसार १९६१ नंतरचा आहे.

उत्पत्तीचा पहिला अध्याय अक्षरशः घेणारे बहुतेक अमेरिकन प्रॉटेस्टंट भाकरीविषयीचे वचन मात्र प्रतीकात्मक मानतात. रोमन कॅथलिक पंथाची स्थिती सामान्यतः याच्या उलट आहे. एकमेकांचे पाय धुण्याची स्पष्ट आज्ञा मोजक्याच पंथांत विधी म्हणून पाळली जाते. मार्कच्या शेवटच्या अध्यायात श्रद्धाळू लोक सर्प उचलतील, असे म्हटले आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या ओव्या नाहीत. त्या वाच्यार्थाने घेऊन टेनेसीत सु. १९१० मध्ये सापांसह उपासना सुरू करणारा जॉर्ज वेंट हेन्स्ली १९५५ मध्ये सर्पदंशानेच मरण पावला. इतर मूलतत्त्ववादी त्याला अतिरेकी मानीत. पण त्याच्याकडे त्यांच्याहून कमी शब्दाधार होता, असे म्हणता येत नाही.

आजचा जिवंत वाद स्त्रियांचा आहे आणि त्याची मुळे गुलामगिरीच्या वादातच सापडतात. सेरा ग्रिम्केने गुलामगिरीविरुद्ध जाहीर भाषणे केली, तेव्हा मॅसॅचूसेट्सच्या धर्मगुरूंनी १८३७ मध्ये तिला पौलाची वचने ऐकविली. तिने १८३८ मध्ये त्याच शास्त्राच्या आधारे समतेचे समर्थन केले. १८४५ मध्ये वेगळ्या झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळाने १९९५ मध्ये गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल ठरावाने क्षमा मागितली. त्याच मंडळाने २००० मध्ये आपल्या श्रद्धापत्रिकेत पाद्रीपद शास्त्रानुसार पुरुषांपुरते असल्याचे लिहिले आणि स्त्री-पाद्री असलेल्या कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चला २०२३ मध्ये सभासदत्वातून वगळले. पहिली गोष्ट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाशी निगडित आहे, दुसरी त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाशी. दास्य ही मानवी व्यवस्था होती व स्त्रीपुरुषांचा क्रम सृष्टीच्या आरंभापासूनचा आहे, म्हणून दोहोंना एकच न्याय लागू होत नाही, असे तेथील पंडित सांगतात. विरोधकांना हा भेद सोयीचा वाटतो. स्त्री-पाद्री असलेल्या चर्चना घटनेनेच बाहेर ठेवण्याच्या दुरुस्तीला २०२४ च्या वार्षिक सभेत सु. ६१ टक्के मते मिळाली. आवश्यक असलेले दोन-तृतीयांश मताधिक्य न मिळाल्याने ती नामंजूर झाली.